रेषांच्या टोप्या

कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या खुंटीवर त्याचा सूट नव्हता. नुसता हँगर लोंबत होता, आणि कोणीतरी आत्ताच हात लावून गेल्यासारखा थोडा हलतही होता. बाकीच्यांचे सूट जागच्या जागी होते, पांढरे, टोपीपासून बुटापर्यंत एकसंध, ओळीनं फाशी दिल्यासारखे. सूट वाटणाऱ्या बाईंनी खिडकीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक नवा सूट पुढं सरकवला. "तुमचा तपासायला नेलाय. आज हा घाला." कोणी नेला, असं त्यानं विचारलं. "वरून सांगितलंय." सगळ्यांचे नेलेत का, असं त्यानं विचारलं, तेव्हा बाई हातमोज्यांचं खोकं शोधायला लागल्या. खोकं त्यांच्या समोरच होतं. "ते मला नाही बाई सांगितलं," त्या खोक्याशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. त्यानं सूट चढवला. खांद्यात आवळत होता. त्याचं माप इथं सगळ्यांना पाठ असताना एक नंबर लहान सूट कसा आला, हा प्रश्न त्याला हवेच्या फवाऱ्याखाली हात वर करून उभं असताना पडला. आणि एकदा पडल्यावर तो दिवसभर खांद्यातच राहिला.

आतली खोली पिवळी होती. चिपच्या चकत्यांवर द्यायच्या लेपाला निळा उजेड सोसत नाही म्हणून तिथं सगळे दिवे पिवळे असत, आणि त्या उजेडात नव्यानं आलेल्या माणसाला पहिले काही दिवस सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं वाटे. माणसं ओळखायची ती डोळ्यांवरून आणि चालीवरून, कारण बाकी काही दिसतच नसे. इतक्या वर्षांत त्याला डोळ्यांची सवय झाली होती. कोण रात्री भांडून आलाय, कोणाला ताप आहे, कोण हसू दाबतोय, ते तो भुवईच्या वरच्या पट्टीवरून सांगू शके. त्या दिवशी त्याला असं दिसलं की तो जवळ गेला की डोळे यंत्राकडं वळतात. यंत्राकडं बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. बंद कपाटासारखं ते यंत्र, बसच्या आकाराचं, आपल्या पोटात गुरगुरत उभं होतं.

घरात पिढी म्हणजे आजोबा, बाप, मुलगा. इथं पिढी म्हणजे बुटांचा एक जोड झिजेपर्यंतचा काळ. सिलिकॉनच्या चकतीवर रेषा काढायच्या, त्या गेल्या पिढीपेक्षा बारीक काढायच्या, आणि त्या जमल्या जमल्या की त्याहून बारीक रेषांची तयारी सुरू करायची, एवढाच इथला वंशवृक्ष. गेल्या पिढीचा लेप त्याचा होता. चकतीवर पसरायचा, उजेडाचा छाप घ्यायचा, भाजायचा, धुवायचा, की रेषा उभ्या राहतात असा तो लेप त्यानं आणि त्याच्या हाताखालच्या दोघांनी केस पांढरे करून बसवला होता. रस्त्यावर फोनमध्ये डोकं घालून चालणारं माणूस दिसलं की तो मनात म्हणायचा, माझा लेप लागलाय बरं का त्या आतल्या चिपला. बायको हसायची. नव्या पिढीला नवा उजेड लागत होता, इतका नाजूक की हवासुद्धा तो गिळून टाकते. म्हणून यंत्राच्या पोटात हवा नव्हती, आणि तो उजेड एकामागून एक आरशांवरून टोलवत चकतीपर्यंत आणावा लागे. त्या उजेडाला जुना लेप चालेना. नवा लेप बाहेरून आला, तयार, आणि त्याच्यावर जबाबदारी आली ती फक्त तो इथं रुळवायची. हुद्दा तोच राहिला. सगळे त्याला लेपवालाच म्हणत.

नवा लेप चांगला होता, हे तो कोणालाही सांगे. अगदी थोडा उजेड त्याला पुरे. उजेड पडला की त्यात नावापुरतं आम्ल तयार होतं, आणि मग भट्टीत ते आम्ल पसरत जाऊन उरलेलं काम उरकतं. पण गेल्या काही महिन्यांपासून काही दिवशी रेषा बिघडत होत्या. खालून सरळ, आणि माथ्यावर फुगलेल्या, जणू प्रत्येकीनं टोपी घातलीय. टोप्या शेजारच्या टोप्यांना चिकटत आणि सबंध चकती फुकट जाई. पहिल्यांदा झालं तेव्हा जेवणाच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं, "लेपवाल्यानं आपल्या सगळ्यांना टोपी घातली," आणि तोही खो खो हसला होता. पुढं हा विनोद कोणी केला नाही. कारण टोप्या रोज येत नव्हत्या. मोठ्या मालाच्या दिवशी रेषा झाडाच्या खोडासारख्या सरळ, आणि प्रयोगाच्या दिवशी, म्हणजे लेपवाला स्वतः खोलीत असे त्या दिवशी, टोप्या.

दुपारी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे या पिढीच्या प्रमुख. गेल्या पिढीत त्या त्याच्या हाताखाली शिकल्या होत्या आणि अजूनही त्याला सर म्हणत, पण हल्ली ते सर जरा लांबून आल्यासारखं वाटे. त्यांच्या पडद्यावर दिवसांचे चौकोन होते, काही हिरवे, काही लाल. लाल चौकोन कुठले हे त्याला विचारावं लागलं नाही.

"मी कोणाकडं बोट दाखवत नाहीये, सर," मॅडम म्हणाल्या.

"मग सूट कशाला नेलात?"

"सुटापासून सुरुवात केलीय, एवढंच. तुम्हीच शिकवलंत ना, सगळ्यावर संशय घ्यायचा म्हणून?" मग त्यांनी विचारलं, अगदी सहज, की तुम्ही साबण कुठला वापरता, दाढीनंतर काही लावता का, सांध्यांना मलम वगैरे. तो उत्तरं देत गेला. डॉक्टरांसमोर देतात तशी उत्तरं, आणि देता देता त्याला वाटलं की यातलं प्रत्येक उत्तर आपण खोटं देतोय. शेवटी त्यांनी विचारलं, "घरी काही नवीन?" या प्रश्नात दुसरा एक प्रश्न होता असं जिन्यात त्याच्या लक्षात आलं. पण तो कुठला, ते नाही.

घरी नवीन होतं ते बायकोचं हाताला लावायचं क्रीम. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या नाकासमोर भिंगं बदलून विचारायची, हे बरं दिसतंय की ते, आणि दर माणसागणिक हात धुवायची, त्यानं तिची बोटं तडकली होती. संध्याकाळी त्यानं मोरीतल्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला बसला. ती कामावरून आली, पर्स ठेवली, आणि उभ्यानंच बघत राहिली. "हे कधी आणलंस?" त्यानं क्रीमची बाटली धरून विचारलं. "पोलिसात आहेस का तू?" ती म्हणाली. त्यानं मग समजावून सांगितलं, की काही वाफा अशा असतात की त्यांचा मागमूससुद्धा हवेत असला तरी ते आम्ल मरतं आणि रेषेचा माथा अर्धवट राहतो, म्हणून टोपी. सांगताना आपण तिला नाही, मॅडमना सांगतोय असं त्याला वाटत होतं. तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली आणि केराच्या डब्यात टाकली. "झालं?" दुसऱ्या दिवसापासून ती तडकलेल्या बोटांनी पोळपाट उचलायची तेव्हा तो दुसरीकडं बघे. आणि रेषांना टोप्या येतच राहिल्या.

मग त्यानं साबण सोडला. तेल सोडलं. मलम सोडलं, गुडघा धरला तरी. नुसत्या पाण्यानं आंघोळ करून तो आरशासमोर उभा राही आणि आपल्याच कातडीकडं परक्याच्या सामानाकडं बघावं तसा बघे. आतून काही येत असेल तर? लहानपणी तो आत्याकडं राहत होता. आत्याच्या गॅलरीत कुंड्या होत्या आणि त्याला त्यांच्या जवळ फिरकायची बंदी होती. "तुझा हात लागला की रोप बसतंच," ती म्हणायची, रागानं नाही, थंडी आहे म्हणावं तसं. शाळेतल्या सगळ्या मुलांना एकेक वाफा दिला होता तेव्हा त्यानं आपलं रोप शेजारच्या मुलाला लावायला दिलं होतं. एकदा आत्या झोपलेली असताना तो गॅलरीत गेला आणि एका कुंडीसमोर हात पाठीमागं धरून खूप वेळ उभा राहिला, न शिवता, नुसता बघत. ते रोप पुढच्या आठवड्यात वाळलं. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि कुंडी उपडी केली. रसायनशास्त्र शिकताना त्याला हे कधी आठवलं नव्हतं. आता ते भाताला उकळी आल्यासारखं सारखं वर येत होतं.

अशात आरसेवाला त्याच्या टेबलाशी आला. आरसेवाला म्हणजे त्या यंत्रातल्या आरशांची निगा राखणारा, त्याच्याबरोबरच इथं लागलेला, त्याच्या लग्नात वाढप केलेला मित्र. "अरे, पुढच्या प्रयोगाला मी बसतो तुझ्या जागी. तू माझं बघ. जरा बदल." तो हे म्हणाला ते कॉफीच्या कपात बघत. आरसेवाल्याला कपात बघून बोलायची सवय नव्हती. तो माणूस समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय वेळसुद्धा सांगत नसे. लेपवाला म्हणाला, बस की, त्यात काय. आणि तो दिवस त्यानं दुसऱ्या इमारतीत पडद्यावर आरशांच्या आकड्यांकडं बघत काढला, एकही आकडा डोक्यात न शिरता. संध्याकाळी जेवणघरात दोघी मुली हसत हसत बोलत होत्या, "आज काय सुंदर आल्यात!" त्याला बघून त्यांनी ताटं उचलली. त्याच्या जागी दुसरा बसला होता, आणि रेषा सरळ आल्या होत्या.

त्यानंतर सगळे त्याच्याशी फार चांगलं वागायला लागले. हे सगळ्यात वाईट होतं. कोणी दार धरून ठेवी, कोणी तब्येत विचारी. मॅडम म्हणाल्या, "सर, थोडे दिवस ऑफिसातूनच बघा ना, अहवाल तुंबलेत." अहवाल तुंबले नव्हते. त्याला दिलेल्या टेबलाच्या खिडकीतून खालचा रस्ता, नवी बांधत असलेली इमारत आणि दोन्ही इमारतींना जोडणारी जाड चंदेरी नळकांडी दिसत. तो खिडकीत बसून माणसं मोजावीत तसा संशय मोजू लागला. आरसेवाल्यानं लेपाच्या बाटलीत काही घातलं असेल का? त्याचा काय फायदा? मॅडमना जुनी माणसं नको असतील. दोघांनी मिळून ठरवलं असेल. तो एक साखळी जोडे, ती इतकी छान जुळे की त्याला भीती वाटे, आणि मग त्याच्या धंद्यातली जुनी सवय त्याला विचारी, इतकी छान कशी जुळते? मग तो ती मोडून दुसरी जोडे. आरसेवाला रोज दुपारी जेवण झाल्यावर एकटाच बाहेर पडून नव्या इमारतीत शिरतो, हे त्याला दिसलं होतं. तिथं अजून कोणी बसत नव्हतं. तिथं जायचं कारणच काय?

ऑफिसात बसवल्यानंतरच्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी तो त्याच्या मागं गेला. पन्नाशी उलटलेला माणूस, एका गुडघ्यानं लंगडत, सिमेंटच्या गोण्यांच्या आड थांबत थांबत. आपण हे करतोय याची त्याला लाज वाटत नव्हती. उलट फार दिवसांनी डोकं स्वच्छ वाटत होतं. आरसेवाला पहिल्या मजल्यावर गेला, एका काच न बसवलेल्या खिडकीत उभा राहिला आणि फोनवर मोठ्यानं बोलू लागला. "बाबा, गोळी घेतलीत का? पांढरी. पांढरी हो! नाही, आई नाहीये आता. मी आहे, मी." पुन्हा पहिल्यापासून तेच. गोळी, पांढरी, आई नाहीये. लेपवाला खांबाआड उभा होता, आणि निघून जावं म्हणून त्यानं पाय उचलला तेव्हा त्याला वास आला. मासळीसारखा, जरा शिळा, नाकाच्या वरच्या टोकाला बसणारा. त्यानं वाकून पाहिलं. बाजूच्या दालनात तिघं जण गुडघ्यांवर बसून दातेरी पत्र्यानं जमिनीवर गोंद ओढत होते आणि वर रबराच्या लाद्या चिकटवत होते.

"रोज असता का इथं?" त्यानं विचारलं.

"रोज कुठलं, साहेब! तुमचं तिकडं मोठं काम नसतं त्या दिवशीच बोलावतात. धूळ होते म्हणे."

"मध्ये एकदा आला नव्हता?"

त्या माणसानं सोबत्याकडं पाहिलं. "आलो होतो की. गोंदाचे डबे नव्हते आले, तर चहा पिऊन गेलो. का? तक्रार आली का काही?"

तो दिवस कुठला, हे लेपवाल्यानं आणखी दोनदा विचारून पक्कं केलं. आरसेवाला त्याच्या जागी बसला होता तोच. त्यानं वर पाहिलं. छताला एक चंदेरी नळकांडं होतं, नवं कोरं, आणि ते भिंतीतून आपल्या इमारतीकडं जात होतं. मागं पावलं वाजली. आरसेवाला फोन खिशात घालत उभा होता.

"तू माझ्या मागं आलास?"

"हो."

आरसेवाला जवळ आला.

"आज कशा आल्यात?" लेपवाल्यानं विचारलं.

"टोप्या." मग एकदम त्याचे डोळे मोठे झाले. "तू नव्हतास आज आत."

दोघंही खालच्या गोंदाकडं बघत राहिले. लाद्यावाले हातातली कामं थांबवून या दोघांकडं बघत होते, साहेब लोकांना फरशीत एवढं काय दिसतंय म्हणून.

पुढचं सगळं भराभर झालं. वाफा गाळणाऱ्या गाळण्या होत्या, धडधाकट होत्या, पण नव्या इमारतीला जोडलेल्या नळकांड्याचा एक सांधा गाळणीच्या पुढच्या बाजूला सैल राहिला होता, आणि गोंदाची वाफ गाळल्यावाचून सरळ पिवळ्या खोलीत येत होती. सांधा आवळला, गोंद बदलला. रेषा सरळ आल्या, मग दुसऱ्या दिवशी आल्या, मग येतच राहिल्या. काही महिन्यांनी नव्या पिढीची पहिली पूर्ण चकती चाचणीत पास झाली, तेव्हा मोठ्या खोलीत सगळे जमले. मॅडमनी त्याला पुढं बोलावलं, त्याचं कौतुक केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, आमचा तुमच्यावर कधीच संशय नव्हता." टाळ्या पडल्या. मग एकेक जण येऊन त्याचा हात हातात घेऊन तेच म्हणत गेला. मला तर कधीच वाटलं नाही, सर. आमच्यात कोणाला वाटलंच नव्हतं. त्या जेवणघरातल्या दोघीही म्हणाल्या. तो मान हलवत होता आणि प्रत्येकाच्या भुवईच्या वरच्या पट्टीकडं बघत होता. सगळ्यांत शेवटी आरसेवाला आला. त्यानं खांद्यावर हात ठेवला. "मला वाटलं होतं," तो म्हणाला. "जागा बदलली ती त्यासाठीच. म्हटलं, तू नसतानाही टोप्या येतील आणि तू सुटशील. झालं उलटं. मग तुझ्यासमोर यायचं धाडसच झालं नाही." लेपवाला म्हणाला, मीही तुझ्यावर बराच संशय घेतला होता. "कशाबद्दल?" त्यानं सगळं सांगितलं, बाटलीत काय घातलं असशील इथपर्यंत. आरसेवाला पोट धरून हसला.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं सगळं सांगितलं, चकती, टाळ्या, मॅडम काय म्हणाल्या ते. ती ऐकत होती, चादरीचं एक टोक त्याच्या हातात देऊन दुसरं धरून मागं सरकत होती. बरं झालं, ती म्हणाली. तू तरी कधी घेतला होतास का संशय, असं त्यानं विचारलं, हसत, उत्तर ठाऊक असल्यासारखं. तिनं चादर ताणली, झटकली, टोकाला टोक लावायला त्याच्याजवळ आली.

"त्या वाफांचा नाही घेतला," ती म्हणाली.

"मग?"

"मला वाटलं, तूच करतोयस. मुद्दाम."

तो चादरीचं टोक धरून उभा राहिला. "मी कशाला करीन?"

"नवा लेप आल्यापासून तू एकदाही त्याला आपला म्हटलं नाहीस. चांगला आहे, चांगला आहे, म्हणायचास. पाहुण्याबद्दल म्हणतात तसं." तिनं त्याच्या हातातलं टोक सोडवून घेतलं. "आणि पहिल्यांदा बिघडलं ना, त्या दिवशी तू घरी आलास, आंघोळीला गेलास. दार बंद होतं, पण मला ऐकू येत होतं. तू गुणगुणत होतास."

"मी?"

"खूप दिवसांनी. मी गॅस बारीक करून ऐकलं." ती चादर कपाटात ठेवायला वळली. "मग म्हटलं, जाऊ दे. केलं असेल तर केलं असेल. कोणाला सांगायला जाणार होते मी?"

तसलं काही नव्हतं, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, आणि ते खरंही होतं. त्यानं कुठल्या बाटलीला हात लावला नव्हता, सांधा सैल केला नव्हता, साऱ्या खोलीनं टाळ्या वाजवून ते मान्य केलं होतं. त्याला ती मोरी आठवली, डोक्यावरून पडणारं गरम पाणी, मिटलेले डोळे. काय गुणगुणत होता ते त्याला काही केल्या आठवेना. गुणगुणत होता, हे मात्र आठवलं.